नलूबाईंच्या घरातली वीजचोरी

चंद्रपूरकडच्या एका गावात नलूबाई गेडाम यांनी हौसेनं घर बांधलं. दुहेरी भिंती, मधे हवेची पोकळी, उत्तरेला मोठ्या खिडक्या आणि गच्चीवर पांढरा चुना.

ऐन मे महिन्यात वीज तपासणीचे अधिकारी वैरागडे दारात येऊन गरजले, "बाई, घर एवढं मोठं आणि बिल झोपडीएवढं? आकडा कुठे टाकलाय? सांगा, नाहीतर पोलिसांत देतो!"

नलूबाईंचे यजमान हात जोडून विनवण्या करू लागले. बाई मात्र म्हणाल्या, "साहेब, आधी खांबावरची तार सोडवा. मग खुशाल शोधा."

साहेबांसोबत आलेल्या वायरमननं तार सोडवली. साहेबांनी माळ्यापासून मोरीपर्यंत घर धुंडाळलं, पण दुसरी तार कुठेच सापडली नाही. दमून ते बैठकीत टेकले. बाईंनी ताक दिलं. ते पिऊन साहेब जे आडवे झाले, ते घोरायलाच लागले.

दोन तासांनी डोळे चोळत ते म्हणाले, "कूलर झकास आहे हो तुमचा!"

"कूलर नाही साहेब, भिंती आहेत. तार अजून खांबाला लोंबतेय. आता लिहा कागदावर, दोन तास तुम्ही कुणाची वीज चोरून झोपलात?"

साहेबांनी तार जोडायला लावली आणि जाताना हळूच गवंड्याचा नंबर मागून घेतला.