कढीचा पूर

पूर्वी शाल्मली नदीकाठच्या वेतसपुरात भद्रकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य म्हणून जन्माला आले होते. त्यांचे नाव सुनय.

त्या वर्षी पुराचे पाणी थेट बाजारपेठेत शिरले आणि राजाने मनावर घेतले. आपल्या काठाला, नदीला अगदी लागून, हत्तीहून उंच बांध घालायचा. बांधामागे जी जमीन कोरडी राहील, ती त्याने सुनयांना इनाम देऊ केली. दरबार खूश झाला. एकटे सुनय नदीपलीकडे पाहत होते. समोरच्या सखल काठावर बुरडांची वस्ती होती आणि इकडे अडलेले पाणी तिकडेच जाणार होते. पण ठरले म्हणजे ठरले, असा राजाचा खाक्या.

त्या राज्यात एक रीत होती. पूर ओसरला की दोन्ही काठांची माणसे एका पंगतीला बसत, राजाही बसे. कढी असल्यामुळे त्याला ही पंगत फार प्रिय होती. यंदा त्याच्या शेजारी कुंजी नावाची म्हातारी बुरडीण बसली होती. केळीची पाने एकाला एक टेकलेली, आणि वाढायला खुद्द सुनय.

राजाने लाडू भिजू नयेत म्हणून भाताचा चांगला उंच बांध घातला. सुनय कढी वाढू लागले आणि वाढतच राहिले. कढी भाताला थडकली, वळली आणि सरळ कुंजीच्या पानात शिरली.

"बघितलंस ना आजी? माझे लाडू कोरडे!" राजा म्हणाला.

"कोरडेच की महाराज. माझे मात्र पोहायला लागले. आता बांध झाला की आमच्या झोपड्याही शिकतील."

पंगत खो खो हसली. राजाही हसला, पण त्याचा घास हातातच राहिला. बांध झाल्यावर ही म्हातारी कुठे जाईल, हे त्याच्या मनात आज पहिल्यांदाच आले. त्याला फार लाज वाटली.

"मग काय अमात्य, बाजार बुडू द्यायचा?"

"नाही महाराज. बांधानं धान्य वाचतं, लेकरं वाचतात, ते काही थोडं नाही. पण नदीला चिकटून घातला तर समोरचे बुडतील, मळ्यांना गाळ मिळणार नाही आणि फुटलाच तर एकदम फुटेल. मागे घरांजवळ घाला, बेताच्या उंचीचा. मधली जमीन नदीला पसरायला सोडा."

"ती तर तुमच्या इनामाची!"

"म्हणून तर बरं. दुसऱ्या कुणाला विचारायला नको."

राजाने आपले लाडू उचलून कुंजीच्या पानात ठेवले. बांध मागे सरला. पुढच्या पुरात बाजाराच्या पायऱ्या तेवढ्या भिजल्या, बुरडांच्या चुली पेटत्या राहिल्या आणि सोडलेल्या जमिनीतल्या गाळावर अशी कलिंगडे धरली की राजा कढी विसरला.

कथा संपवून शास्ते, म्हणजे भिक्षूंचे गुरू, समोरच्या तरुण भिक्षूकडे पाहून हसले. त्याने आपल्या कुटीभोवती मातीचा बांध घातला होता आणि शेजारच्या वृद्ध भिक्षूची कुटी भिजवली होती.

"तेव्हाचा राजा तू होतास. कुंजी म्हणजे हे तुझे शेजारी, आणि सुनय मी. स्वतःला वाचवताना शेजाऱ्याची आठवण ठेवणे, हीच करुणा."

तरुण भिक्षू वंदन करून कुदळ आणायला धावला.

"अरे, सगळा नको काढूस!" वृद्ध भिक्षू मागून ओरडले. "थोडा मागे घे, म्हणजे झालं!"