पाथरवटाचे दोन दिवस

खूप जुनी गोष्ट आहे, राजेरजवाड्यांच्या काळातली. डोंगराच्या पायथ्याशी एका गावात धर्मोजी नावाचा पाथरवट राहायचा. एकदा काम करताना शिळा घसरली आणि त्याच्या डाव्या हाताची करंगळी चेचली.

गावातले म्हातारे शस्त्रवैद्य नुकतेच वारले होते. आता त्यांची शिष्या गोमतीबाई लोकांच्या जखमा शिवत असत.

"अहो, चला गोमतीबाईंकडे," धर्मोजीची बायको सगुणा म्हणाली.

"बाईमाणसाच्या हातात सुरी? नको. परवा बाजाराला पलीकडच्या गावचे वैद्य येतील. तोवर सोसतो."

दोन दिवसांत हात कोपरापर्यंत सुजला. अंगात ताप भरला. बाजाराला आलेल्या वैद्यांनी हात पाहिला आणि ते घाबरले.

"मी काढे देणारा माणूस. कापाकापी मला येत नाही. गोमतीबाईंकडे जा, आत्ताच जा!"

सगुणाने त्याला तिथे नेलं. सुरी दिसताच धर्मोजी मागे सरकला. गोमतीबाई रागावल्या नाहीत. त्यांनी सुरी बाजूला ठेवली.

"कशाची भीती वाटते?"

धर्मोजी खाली बघत म्हणाला, "लहानपणी बापाच्या पायात पहार घुसली होती. रक्त बघून आई तिथेच चक्कर येऊन पडली. बायकांना रक्त सोसत नाही, हे तेव्हापासून डोक्यात बसलंय."

गोमतीबाई हसल्या. "पहिल्या वेळी मीही पडले होते. आणि माझे गुरुजीसुद्धा! त्यांनीच सांगितलं होतं मला. द्या हात."

धर्मोजीने डोळे मिटले आणि हात पुढे केला.

ताप उतरला. हात वाचला, पण करंगळी काढावी लागली.

"लगेच आलो असतो तर वाचली असती का हो?" त्याने विचारलं.

"बहुतेक वाचली असती," गोमतीबाई हळूच म्हणाल्या.

पुढे एकदा एक जखमी गाडीवान गोमतीबाईंच्या दारापर्यंत येऊन, आत बाई आहे म्हणून परत फिरला. तिथूनच चाललेल्या धर्मोजीने त्याला थांबवलं आणि आपला चार बोटांचा हात दाखवला.

"भीती मलाही वाटली होती, दादा. पण ती बोलून दाखवायला मी दोन दिवस लावले, आणि तेवढ्यात बोट गेलं."

गाडीवान थोडा वेळ त्या हाताकडे बघत राहिला. मग आत गेला.

तात्पर्य: उपचार करणारा माणूस बाई आहे की पुरुष हे पाहू नये, त्याला त्याचं काम येतं का एवढं पाहावं.