कुंपण मोडणारा वळू

पूर्वी हिमालयाच्या पायथ्याशी सालवती नगरात राजा सुषेण राज्य करीत असताना बोधिसत्त्व राजाच्या गोधनात वळू होऊन जन्मला होता.

त्या देशात पाऊस भरपूर, पण हिवाळ्यात हिंव पडे, दव गोठून जाई आणि कुरण करपून जाई. दर हिवाळ्यात वासरे मरत. म्हणून राजाने दक्षिणेकडून नाना जातींच्या गवतांचे बी आणविले. कोसिय नावाच्या माळ्याने एकेका जातीचा वेगळा वाफा केला आणि भोवती काटेरी कुंपण घातले. उत्तम ठरेल ती जात सगळ्या कुरणात पेरायची, जुने गवत नांगरून टाकायचे, असे ठरले. तोवर वाफ्याला तोंड लावणारे जनावर कळपातून काढले जाईल, अशी राजाज्ञा होती.

पावसाळा सरला. एका वाफ्यात हत्ती दडेल एवढे गवत माजले. राजा खूश झाला. त्याने दुसऱ्या दिवशी नांगर जुंपायला सांगितले. शेजारच्या वाफ्यात एक जात जमिनीलगत पसरली होती. कोसिय म्हणाला, "हे सशांना ठीक आहे."

बोधिसत्त्व कुंपणाशी उभा होता. एक म्हातारी गाय त्याला म्हणाली, "बघत काय बसलात, दादा? तुमची गव्हाण भरलेली आहे. पोरे आमची मरतात."

बोधिसत्त्वाच्या मनात वेगळेच होते. या गवतांनी अजून दात पाहिला नव्हता, खूर पाहिला नव्हता, हिंव पाहिले नव्हते. जुने कुरण मोडून नवे मेले, तर एकही वासरू उरणार नव्हते.

त्याने छातीने कुंपण मोडले. कळप आत शिरला आणि सगळे वाफे बुडापर्यंत चरून मोकळा झाला.

परीक्षा बिघडली म्हणून नांगर थांबले. वळूला तेल्याच्या घाण्याला जुंपण्याची शिक्षा झाली. त्याने क्षमा मागितली नाही. जू आले तेव्हा मान पुढे केली, खाली घातली नाही.

हिंव पडले. ते ओसरल्यावर राजा वाफे पाहायला गेला. उंच गवताचे बुडखे काळे पडून कुजले होते. जमिनीलगतचे गवत मात्र पेरापेराला फुटून हिरवे झाले होते. राजाने वळूला घाण्यावरून सोडवून बोलावले.

कोसिय कुरकुरला, "एवढे ओरबाडल्यावर उंच गवत जगणार कसे?"

बोधिसत्त्व म्हणाला, "ज्याला कोणी ओरबाडत नाही ते कुरण नव्हे, बाग. राजा, गवत किती वाढते ते तू पाहिलेस. तुटल्यावर उठते की नाही, ते मी पाहिले."

राजाने त्याच्या शिंगांना सोने मढवू म्हटले.

"शिंगे माझी मला पुरेत. बी गावोगाव वाट."

पुढच्या हिवाळ्यात त्या देशात चाऱ्यावाचून वासरू मेले नाही. नव्या कुरणात वळू सगळ्यांच्या मागून चरायला उतरला.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "त्या वेळचा राजा आज आनंद आहे. कोसिय हा भिक्षू उत्तिय, आणि ती म्हातारी गाय आपल्या संघातली ज्येष्ठ भिक्षुणी, थेरी सोमदत्ता. घाण्याला जुंपलेला वळू मीच होतो." कळपासाठी शिक्षा पत्करून ताठ राहणे, ही वीर्यपारमिता, म्हणजे धैर्याची आणि प्रयत्नाची परिपूर्णता.