रविवारचे रोगी

एकदा एका गावात असे झाले, की दर रविवारी दुपारी चारच्या सुमारास निम्मे गाव आजारी पडू लागले. शनिवारी ठणठणीत असलेला माणूस रविवारी जेवण उरकून, पोट धरून वैद्यांच्या ओट्यावर येऊन बसे आणि साडेपाच वाजले की आपोआप बरा होऊन घरी जाई. असा वक्तशीर आजार कोणत्याही ग्रंथात सांगितलेला नाही. त्या गावचे वैद्यबुवा चाळीस वर्षे नाडी पाहत होते, पण त्यांनीही असा कधी पाहिला नव्हता.

वैद्यबुवांच्या हाताखाली एक शिष्य शिकत होता. वय पंचविशीचे, हात सफाईचा, वनस्पतींची जाण चांगली. त्याची एकच अडचण होती. रविवारी चार वाजता तोही आजारी पडे. फरक इतकाच, की इतर लोक ओट्यावर कण्हत बसत आणि तो आत खलात काहीतरी कुटत बसे. बऱ्याचदा खल रिकामाच असे.

याचे कारण समजायला गावचा कबड्डीचा संघ समजून घ्यावा लागेल. हिवाळाभर तालुक्यातल्या आठ गावांचे सामने होत आणि मऊ मातीचे मैदान याच गावात असल्यामुळे ते सगळे इथेच होत. मैदान दवाखान्याच्या मागे, मध्ये फक्त एक ओढा. गावाचा संघ त्या वर्षी लागोपाठ हरत होता. पहिला सामना एका गुणाने गेला, दुसरा चारने, तिसऱ्याबद्दल न बोललेले बरे. संघाचा कप्तान भैरू, आणि भैरू हा या शिष्याचा धाकटा भाऊ.

वडील लवकर गेलेले, त्यामुळे भैरूला कबड्डी शिकवली ती थोरल्या भावानेच. शेताच्या बांधावर आंब्यापासून विहिरीपर्यंत एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत जायचे आणि मध्ये श्वास तुटला की परत आंब्यापाशी यायचे, असा त्यांचा नेम होता. भैरूचा दम तुटला की मागून चालणारा थोरला स्वतःचाही श्वास सोडायचा. अशा माणसाने भावाचे सामने चुकवावेत, हे पाहणाऱ्याला कोडेच वाटले असते.

पण प्रेम करणारा माणूस मोठा हिशेबी असतो आणि त्याचा हिशेब नेहमी स्वतःच्या विरुद्ध निघतो. चौथ्या सामन्याला शिष्य उशिरा पोहोचला, तेव्हा संघ सहा गुणांनी पुढे होता. तो निंबाखाली आपल्या नेहमीच्या जागी बसला मात्र, आणि भैरूचा घोटा समोरच्या गड्याच्या हातात सापडला. तेथून जी घसरण लागली ती थांबलीच नाही. पाचव्या सामन्यात तो पाणी प्यायला ओढ्यावर गेला, तेवढ्यात संघाने तीन गुण मिळवले, आणि तो परत येताच शेवटची चढाई फसली. त्याची खात्री पटली. आपला पायगुण खोटा आहे, आपण पांढऱ्या पायाचे आहोत, भावाचे भले व्हायचे असेल तर आपण तिकडे फिरकता कामा नये. त्याने हे कोणालाही सांगितले नाही. सहाव्या रविवारी तो खल घेऊन बसला.

संघ सहावा सामनाही हरला. तेव्हा त्याने विचार केला, की आपण गेलो नाही खरे, पण खिडकीतून आरडाओरडा तर ऐकत होतो. सातव्या रविवारी त्याने कानांत कापसाचे बोळे घातले. संघ हरला. मग त्याला वाटले, मनातून आपण तिथेच होतो. आठव्या रविवारी त्याने मन आवरण्याचा प्रयत्न केला. त्याचे काय झाले असेल, ते ज्यांनी कधी कोणाला जीव लावला आहे त्यांना सांगण्याची गरज नाही.

इकडे ओट्यावरची गर्दी वाढतच होती. किराणा दुकानदार शेट, निवृत्त झालेले मास्तर, पिठाच्या गिरणीवाली पारूआक्का, आणि आणखी दहाबारा जण. वैद्यबुवा एकेकाचे मनगट धरून बसत. मैदानावरून ओरडा आला, की धरलेली नाडी घोड्यासारखी उधळे. वैद्यबुवा सगळ्यांना सारखीच पुडी देत, सुंठ आणि साखर. साखर जरा जास्त.

नवव्या पराभवानंतर भैरू घरी आला तो तसाच ताटावर बसला. भावाने भाजी वाढली, तर त्याने हात आडवा धरला. आईने विचारले तेव्हा तो म्हणाला, की येत्या रविवारी हरलो तर कबड्डी मंडळाची पाटी उतरवून संघ मोडायचा असे त्याने ठरवले आहे. आपल्या बाजूला बघायला कोणीच येत नाही, मग खेळायचे कोणासाठी? हे बोलताना त्याने थोरल्या भावाकडे पाहिले नाही. शिष्याला त्या न पाहण्याचा अर्थ कळला नाही. आता आणखी दूर राहिले पाहिजे, एवढेच त्याने ठरवले. दहाव्या रविवारी शेजारच्या गावी जाऊन बसतो, म्हणून त्याने वैद्यबुवांकडे सुट्टी मागितली. वैद्यबुवांनी ती दिली नाही.

रविवार उजाडला. साडेतीनलाच ओटा भरला. त्या दिवशी वैद्यबुवांनी कोणाचीच नाडी धरली नाही. ते आतून बाहेर आले, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि सर्वांसमोर उभे राहिले.

“मंडळी,” ते म्हणाले, “आज मला एक कबुली द्यायची आहे. आपला संघ हरतो तो माझ्यामुळे. नऊच्या नऊ रविवार मी या खिडकीशी बसून मैदानाकडे कान लावला आहे. पांढऱ्या पायाचा माणूस गावात आहे, तो मीच.”

मग शेट उठले. त्यांनी घसा खाकरला आणि सांगितले, की वैद्यबुवांनी उगाच मनाला लावून घेऊ नये, खरा दोषी आपण आहोत, कारण आपण हिरवी टोपी घालून गेलो त्याच दिवशी पहिला सामना गेला. मास्तरांना हे अजिबात मान्य नव्हते. त्यांच्याकडे तारखांसकट पुरावा होता. पारूआक्का म्हणाली, की तिने तोंडातून शब्द काढला की पकड सुटते, हे तिने स्वतः तीनदा पाहिले आहे. पाहता पाहता ओट्यावर भांडण पेटले. आजवर गावात मानासाठी भांडणे झाली होती, पण हरण्याचा दोष माझा की तुझा, यासाठी माणसे हमरीतुमरीवर आली ती त्या दिवशी पहिल्यांदा. पोटदुखी कोणाच्याच लक्षात राहिली नाही.

शिष्य दारात उभा राहून ऐकत होता. हे सगळे आपल्यासारखेच, हे कळून त्याला आधी हसू आले आणि मग डोळे भरून आले. चार रविवार मैदानाची आपल्या गावाची बाजू रिकामी होती, आणि ती रिकामी करणारे सगळे इथे, ओढ्याच्या अलीकडे, जीव मुठीत धरून बसले होते.

वैद्यबुवांनी हात वर केला. “इथे वयाने मी मोठा, म्हणून दोष माझा. आता मी मागच्या खोलीत जाऊन बसतो. खिडकी बंद, दारही बंद. तुम्ही सगळे मैदानावर जा.” मग शिष्याकडे वळून ते म्हणाले, “तूसुद्धा. जाताना बाहेरून कडी लाव.”

शिष्याने काही बोलायला तोंड उघडले, पण वैद्यबुवा आत गेलेही होते. त्याने कडी लावली. वैद्याचा शब्द, त्यामुळे लोक बिचकत का होईना, निघाले. ओढा ओलांडताना पारूआक्काने पदर तोंडावर घट्ट धरला होता.

सामना सुरू होऊन थोडा वेळ झाला होता. पाहुण्या गावाची बाजू गच्च भरलेली, आणि आपल्या बाजूला फक्त एक बांधलेली शेळी. भैरू नुकताच बाद होऊन रेषेबाहेर मातीत बसला होता. बाद झालेला गडी असाच बसतो. आपल्या कोणी गुण आणला, तरच त्याला पुन्हा आत जाता येते, तोवर स्वतःसाठी काही करणे त्याच्या हाती नसते. त्याने सवयीने निंबाकडे पाहिले, आणि निंबाखाली त्याचा थोरला भाऊ उभा होता. त्याच्या मागे शेट, मास्तर, आक्का, सगळा ओटाच्या ओटा. भैरूने चटकन मान फिरवली आणि उगाचच गुडघ्याची माती झाडत राहिला.

त्या दिवशी संघ जिवाच्या आकांताने खेळला. शेवटची चढाई भैरूची होती आणि एक गुण कमी होता. त्याचा दम ऐकू येऊ लागला तसा निंबाखाली शिष्याने आपला श्वास कधी रोखला, ते त्याला कळलेही नाही. आंब्यापासून विहिरीपर्यंत, तसाच. भैरूने एकाला स्पर्श केला असे वाटले, वळला, झेपावला, आणि मध्यरेषा वीतभर राहिली असताना तिघांनी त्याला खाली घेतले. संघ दहावा सामना हरला.

पण कोणी उठून गेले नाही. शिष्य मैदानात गेला, भैरूचा सदरा कडेला पडला होता तो उचलून झटकला आणि त्याच्यापुढे धरला. भैरूने तो घेतला नाही.

“दादा,” तो म्हणाला, “चार रविवार मला वाटत होतं, तुला माझी लाज वाटते.”

शिष्याने खरे ते सांगून टाकले, की मी आलो की तू हरतोस, म्हणून मी येत नव्हतो. भैरू त्याच्याकडे बघतच राहिला. मग एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याला हसू फुटले.

“अरे, आम्ही हरतो ते डाव्या कोपऱ्यातली पकड सुटते म्हणून,” तो म्हणाला. “त्यात तुझे पाय कुठे आले?”

पाटी उतरवण्याचा विषय त्या संध्याकाळी निघाला नाही. पुढेही निघाला नाही.

शिष्याने परत येऊन कडी काढली. मागच्या खोलीत वैद्यबुवा अंधारात बसले होते, आणि त्यांची बोटे त्यांच्याच मनगटावर होती.

“हरलो?” त्यांनी विचारले.

“दोन गुणांनी.”

“म्हणजे पांढऱ्या पायाचा मीही नव्हतो तर.” त्यांनी मनगट सोडले.

शिष्य खाली बसला. त्याच्या मनात दोन प्रश्न होते. पहिला सोपा होता: वैद्यबुवा लोकांशी खोटे का बोलले? ते म्हणाले, की अगदीच खोटे नव्हते. गेल्या दोन रविवारी खिडकी लावून पाहावी असे त्यांच्याही मनात आले होते, आणि या वयात असे मनात यावे याची त्यांना लाजही वाटली होती. दुसरा प्रश्न शिष्याला मैदानावरून परत येताना वाटेत पडला होता. आपल्या जाण्याने संघ हरत नाही हे कळले. पण मग आपल्या जाण्याने तो जिंकतही नाही. मग जायचे कशाला?

वैद्यबुवांनी खिडकी उघडली. ओढ्यापलीकडे लोक अजून उभे राहून डाव्या कोपऱ्याबद्दल वाद घालत होते.

“बाळा,” ते म्हणाले, “ज्याच्यावर आपला जीव असतो, त्याच्या सुखदुःखाचं कारण आपण असावं, असं आपल्याला वाटतं. सुखाचं कारण होता येत नसेल, तर दुःखाचं तरी. काहीच आपल्या हाती नाही, हे सोसत नाही. म्हणून तुम्ही सगळे दोष वाटून घेत होतात. पण मी तुला एक सांगतो. चाळीस वर्षांत मी बरे केलेल्यांपैकी एकानंही मला विचारलं नाही, की औषधात काय घातलं होतं. आणि उशाशी कोण बसलं होतं, हे विसरलेला एकही रोगी मला अजून भेटलेला नाही.”

शिष्याला भैरूने भाजीला आडवा धरलेला हात आठवला. मग उठून त्याने रिकामा खल जागेवर ठेवला.

अकरावा सामना संघ हरला. बाराव्या रविवारी डावा कोपरा अखेर जमला आणि संघ जिंकला. गावाने गुलाल उधळला, पारूआक्का तर तोंडावर पदर न घेता ओरडली. दुर्दैव इतकेच, की शेट त्या दिवशी मुलीच्या सासरी गेले होते. व्हायचे तेच झाले. आपण नव्हतो म्हणूनच जिंकलो, हे त्यांच्या डोक्यात पक्के बसले, आणि तेराव्या रविवारी दुपारी चारला ते दुकानातच पोट धरून बसले.

वैद्यबुवा निंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. शिष्याने त्यांना विचारले, शेटना समजावून आणू का. वैद्यबुवांनी नुसते मैदानाकडे बोट केले.

भैरू मैदानात नव्हता. अंगाला माती लागलेली, अनवाणी, तो ओढा ओलांडून बाजाराच्या वाटेला लागला होता. पंच घड्याळ पाहत होते, दोन्ही संघ थांबले होते. थोड्या वेळाने तो परत आला तो शेटचा हात धरून. शेट अजून नको नको म्हणत होते.

“हरलो तर हरू, शेट,” भैरू त्यांना सांगत होता. “पण तुम्ही इथं बसा. मला दिसाल असे बसा.”

शिष्याने सरकून आपल्या शेजारी जागा केली.