डावीकडची रांग

नारोशेट हलवायाने भर दुपारी दुकानाच्या दारात दिवा लावला आणि साऱ्या देवखड नगरीला कळलं, की नारोशेटचं दिवाळं वाजलं!

त्या राज्याची रीतच तशी होती. ज्याचं दिवाळं वाजलं त्याने दिवसाढवळ्या दिवा लावून दारात बसायचं. दिव्याच्या उजवीकडे त्याच्याकडून पैसे येणं असलेल्यांची रांग, डावीकडे त्याला पैसे देणं लागणाऱ्यांची. आधी डावीकडच्यांनी द्यायचं, मग उजवीकडच्यांनी वाटून घ्यायचं. रीत फार सुंदर होती. फक्त डावीकडे आजवर कोणी उभं राहिलं नव्हतं.

दिव्याला तेल घालायचं काम चिमाबाई तेलिणीचं. नगरीतल्या प्रत्येक दिवाळ्याला तिची बुधली हजर. रांगेतली भांडणं ऐकून ऐकून ती देण्याघेण्याच्या व्यवहारात इतकी तरबेज झाली होती, की तिच्या तेलापेक्षा सल्ल्यालाच जास्त मागणी होती. सल्ल्याचे पैसे मात्र कोणी देत नसे.

आज उजवीकडची रांग पार चौकापर्यंत गेली होती. साखरेचे व्यापारी हेमराजशेट, दूधवाला गवळी, सरपणवाला, सगळे हजर. तेवढ्यात राज्याचे दिवाणजी आले आणि थेट तांब्याच्या मोठ्या कढईवर हात ठेवून म्हणाले, "दुकानाची पट्टी थकली आहे. कढई सरकारजमा!"

नारोशेटचा चेहरा पांढराफटक पडला. कढईच गेली तर हलवाई म्हणवून घ्यायचं कशाच्या जोरावर? चिमाबाईला भयंकर राग आला.

"दिवाणजी, कढई नेलीत तर बाकीच्यांनी काय चाटायचं? आणि हा कमावणार कशात? तुमच्या पागोट्यात जिलब्या तळायच्या का?"

लोक हसले. दिवाणजी हसले नाहीत. घटकाभरात चिमाबाई दरबारात उभी होती.

रणधवल महाराज स्वभावाने वाईट नव्हते, पण हट्टी होते. "राजाचं देणं आधी," ते म्हणाले. "उरलं तर इतरांचं."

"उरणार कढईची काजळी, महाराज!"

महाराजांच्या मिशा थरथरल्या.

"जीभ बरी चालते तुझी! मग डोकंही चालव. उद्या दुपारपर्यंत नारोशेटची सगळी देणी भागव. कढई विकायची नाही. कुणाला एक पैही सोडायला लावायची नाही. आमच्या खजिन्यातून दान नाही, कर्ज नाही! जमलं तर कढई हलवायाची. नाही जमलं तर कढईबरोबर तुझा घाणाही सरकारजमा!"

त्या घाण्यावर चिमाबाईचं घर चालत होतं. तरी पदर सावरून तिने विचारलं, "बरं, महाराज. एवढंच सांगा, उद्या रांगेत आपण कितवे?"

"कितवे? आम्ही?" महाराज सिंहासनावरून अर्धे उठले. "त्या दिवाळ्यात कुठलीही रांग लागो, राजा पहिला! दिवाणजी, दवंडी पिटवा!"

दवंडी पिटली. चिमाबाईने ती नीट ऐकून घेतली आणि बैलाला पेंड घालायला घरी गेली.

दुसऱ्या दिवशी महाराज पालखीतून गंमत बघायला आले. उजव्या रांगेच्या तोंडाशी त्यांची गादी मांडली होती. चिमाबाईने दिव्यात तेल ओतलं आणि खणखणीत आवाजात पुकारलं, "डावीकडचे पुढे या! नारोशेटला पैसे देणं लागणारं कोणी आहे का?"

कोणी हललं नाही. नारोशेट मान खाली घालून बसला होता. उत्तर त्याला ठाऊक होतं, पण ते तोंडातून काढायची त्याची छाती नव्हती.

"बरं, राहिलं," चिमाबाई म्हणाली. "युवराजांच्या लग्नात मोतीचुराचे लाडू खाल्ले त्यांनी हात वर करा!"

अख्ख्या चौकाचे हात वर झाले. हेमराजशेटचे तर दोन्ही!

महाराज खूश झाले. "तीन दिवस! साऱ्या नगरीला! पोटभर!"

"कुणाकडून, महाराज?"

"कुणाकडून म्हणजे? आमच्याकडून! मग काय या हलवायाकडून?"

"मलाही तेच विचारायचं होतं."

महाराज सावकाश दिवाणजींकडे वळले. "लाडवांचे पैसे दिलेत ना?"

"हिशेब तपासणं चालू आहे, महाराज."

"परवा युवराजांना लेक झाली, दिवाणजी," चिमाबाई म्हणाली. "बारशाच्या बर्फीचा हुकूमही याच दुकानात आलाय. त्याचा हिशेब तिच्या लग्नात तपासणार का?"

"पण खजिन्यातून दान नाही, असं आम्ही बजावलं होतं!" महाराज गरजले.

"दान मागितलंय कुणी?"

"कर्जही नाही!"

"कर्ज तर आपण घेतलंय, महाराज, लाडवांचं! मी नुसती रांग लावतेय. ही बघा डावीकडची. हिच्यात पहिलं कोणी उभं राहायचं, ते मी कशाला सांगू? दवंडी आपलीच आहे."

महाराजांनी डावीकडच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग लोकांकडे पाहिलं. उठले, अंगरखा सावरला, दिव्याला वळसा घालून डावीकडे जाऊन उभे राहिले आणि एकदम खो खो हसत सुटले.

"सापडलो! आमच्याच दवंडीत सापडलो!"

राजाच उभा राहिला म्हटल्यावर त्याच्यामागे दोन सरदार आले, एक मानकरी आला. उजवीकडचे हेमराजशेटही हळूच इकडे सरकले. पेढ्यांची उधारी होती! खजिन्यातून लाडवांचे पैसे आले, त्यातून पट्टी वळती झाली, गवळ्यापासून सरपणवाल्यापर्यंत सगळ्यांचे पुरते पैसे भागले, आणि नारोशेटने डोळे पुसत कढई पुन्हा चुलीवर चढवली.

"चिमाबाई," महाराज म्हणाले, "आजपासून राज्यातल्या सगळ्या दिवाळखोरांचा कारभार तुझ्याकडे! पगार दिवाणजी देतील."

चिमाबाईने दिवाणजींना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"चालेल, महाराज. पण वर्षाचा आगाऊ!"

महाराज इतके हसले, की पागोटं कानावर आलं. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिथल्या तिथे तिच्या हातावर ठेवलं. चिमाबाईने ते पदरात बांधलं, दिवा विझवला आणि त्यात उरलेलं तेल परत बुधलीत ओतून घेतलं.