दोन्ही बाजूंचं भाषण

"म्हणजे मी खोटं बोलतोय, असं तुम्हाला वाटतं का, भंते?"

भंते सुमेध यांनी मांडीवरचं चीवर सारखं केलं.

"तसं मी म्हटलं नाही. जरा थांब, एवढंच म्हटलं."

समोर बसलेला शैलेंद्र लोणारे राज्याचा अर्थमंत्री होता. शाळेत असताना तो याच विहाराच्या वसतिगृहात राहिला होता. भंतेंनीच त्याला वाढवलं, बोलायला उभं केलं. दुसऱ्या दिवशी सभागृहात त्याचं मोठं भाषण होतं. ते आधी भंतेंना ऐकवावं आणि त्यांचा आशीर्वाद घ्यावा म्हणून तो अधिवेशनातून वेळ काढून डोंगराच्या पायथ्याशी आला होता. बाहेर सागाच्या सावलीत त्याच्या गाड्या उभ्या होत्या.

सरकारने किती कर्ज काढायचं, याची कायद्याने ठरवलेली मर्यादा संपत आली होती. ती वाढवली नाही तर पगार, अनुदानं, दवाखान्यांची औषधं, सगळं थांबणार होतं. मर्यादा वाढवण्याचं विधेयक विरोधी पक्ष अडवून बसला होता.

"खर्च मी एकट्याने ठरवलेला नाही," शैलेंद्र म्हणाला. "सभागृहाने मंजूर केला. मंदाताई गोतमारेंनीही हात वर केला होता. आता पैसे द्यायची वेळ आली, तर विरोधी पक्षनेत्या म्हणून त्या सांगतात, कर्ज काढू नका. पोटभर जेवायचं आणि खानावळवाल्याला ओळख दाखवायची नाही, असला प्रकार आहे हा."

"बरोबर आहे तुझं."

शैलेंद्रचा चेहरा खुलला.

"मंदाताईही हेच म्हणाल्या होत्या," भंते म्हणाले. "अर्थखातं त्यांच्याकडे होतं तेव्हा. इथेच बसल्या होत्या. खानावळीचं मात्र त्यांना सुचलं नव्हतं."

"त्या इथे येतात?"

"विहार आहे, शैलेंद्र."

"मग तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"जेवून जा म्हटलं."

शैलेंद्र हसला. मग म्हणाला, "तेव्हाची परिस्थिती वेगळी होती, भंते."

"काय वेगळं होतं?"

शैलेंद्रने खिशातले कागद चाचपले.

"विधेयक तेच होतं," भंते म्हणाले. "अडवणारा तू होतास. तेव्हा तू त्यांना जे उत्तर दिलंस ते सगळीकडे गाजलं. आठवतं?"

"शब्दन् शब्द."

"म्हणून दाखव."

शैलेंद्रने आजूबाजूला पाहिलं. विहारात भिंतीशी दोघी बसल्या होत्या. पन्नाशीची पंचफुला आणि तिची तरुण मुलगी विशाखा. दोघी बाजूच्या गावातल्या. त्या रोजच येत असाव्यात, कारण भंतेंना त्यांचं काही वाटत नव्हतं.

तो उभा राहिला. पहिली दोन वाक्यं त्याने हळू म्हटली. मग आवाज आपोआप चढला. मान ताठ झाली, हात हलू लागले. तो चांगलाच बोलायचा. सरकारची उधळपट्टी, कर्जाचे आकडे, येणाऱ्या पिढ्या...

"उद्या जन्माला येणाऱ्या लेकराच्या डोक्यावर तुम्ही आज ओझं ठेवताय," तो समोरच्या रिकाम्या जागेकडे बोट रोखून म्हणाला. "तुम्हाला लाज कशी वाटत नाही?"

पंचफुला भारावून ऐकत होती. विशाखा डोळे न हलवता पाहत होती.

"आता उद्याचं," भंते म्हणाले.

शैलेंद्रने खिशातून कागद काढले, पण त्याला ते लागले नाहीत. आवाज पुन्हा चढला. अडलेली अनुदानं, उपाशी माणसं, राजकारणासाठी वेठीला धरलेलं राज्य...

"दवाखान्यातल्या लेकराच्या तोंडचं औषध तुम्ही काढून घेताय." बोट वर आलं. "तुम्हाला लाज..."

तो अडखळला. बोट तसंच राहिलं. मग त्याने हात खाली घेतला.

"...कशी वाटत नाही," त्याने वाक्य पुरं केलं आणि खाली बसला.

भंते विशाखाकडे वळले. त्यांनी दोन्ही हात वर करून बोटांनी काहीतरी खुणा केल्या. सावकाश, चुकत. तिने झरझर बोटं हलवून उत्तर दिलं. भंतेंना ते सगळं समजलं नाही. त्यांनी पंचफुलाकडे पाहिलं.

"सांग," ते म्हणाले. "साहेबांना राग येणार नाही."

पंचफुलाने पदर सावरला.

"तिले आयकू येत नाही, साहेब. नुसतं पाहून सांगते. ती म्हणते, या माणसाले कोनाचा तरी लय राग आला हाय. पन ज्याचा राग आला, तो तं इथं नाईच."

"कोणत्या भाषणात?" भंतेंनी विचारलं.

पंचफुलाने मुलीकडे वळून खुणेने विचारलं.

"ती म्हणते, दोन कुठं होते?"

शैलेंद्र जरा मोठ्यानेच हसला. "तिला शब्द कळले नाहीत ना, भंते. म्हणून."

"हो. शब्द कळले नाहीत."

...

"जन्मापासून असं आहे का?" शैलेंद्रने विचारलं. त्याला विषय बदलायचा होता.

"जल्मापासून," पंचफुला म्हणाली. "पन हुशार हाय. टेकडीपल्याड मुक्याबहिऱ्या पोरींची शाळा होती, राहाची सोय होती, तिथं शिकत होती. लिहाले शिकली. हातानं बोलाले शिकली."

"होती म्हणजे?"

"बंद पडली जी. सरकारातून पैसेच आले नाही. मास्तरांनी उसनंपासनं करून काही दिवस चालवली. मंग पोरींले घरी धाडलं."

"पैसे मागाहून आले," भंते म्हणाले. "तोवर शिक्षक दुसरीकडे गेले होते."

"कधीची गोष्ट?" शैलेंद्रने विचारलं.

विचारता विचारताच त्याच्या लक्षात आलं. मंदाताईंचं विधेयक त्याने अडवलं होतं, तेव्हाची.

"तिथं तिच्यासंगं बोलाले किती पोरी होत्या," पंचफुला सांगत राहिली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "आता मी हावो, तिचं समजते मले, पन कराले चारच खुना येते. अन् भंतेजी शिकून रायले तिच्यापासून."

"बोटं वळत नाहीत या वयात," भंते म्हणाले. "ती हसते मला."

शैलेंद्र खाली बघत होता. हातातल्या कागदांची त्याने नकळत बारीक घडी घातली होती.

"भंते... मला माहीत होतं."

"काय?"

"मर्यादा वाढवावीच लागणार, हे. सचिवांनी आम्हाला सगळं समजावून सांगितलं होतं. पक्षाच्या बैठकीत मीच म्हणालो, थोडे दिवस अडवू, सरकारची फजिती होऊ दे, मग सोडून देऊ." तो थांबला. "मग सोडवेना. जिथे जाईन तिथे लोक टाळ्या वाजवत होते."

"इथेही वाजवल्या," भंते म्हणाले. "याच अंगणात तुझा सत्कार झाला. तुला हार मीच घातला."

शैलेंद्रने वर पाहिलं.

"तेव्हा शाळा बंद होऊन आठवडा झाला होता," भंते म्हणाले. "मला ठाऊक होतं. माझा विद्यार्थी मोठा झाला, एवढंच मला दिसत होतं."

ते त्याच्या नजरेला नजर देत नव्हते.

बाहेर गाडीचा चालक खाकरला. कुठल्याशा अधिकाऱ्याने दारातून डोकावून घड्याळाकडे बोट दाखवलं. शैलेंद्रने त्याला हाताने परतवलं. मग तो उठला आणि पंचफुलासमोर जाऊन बसला.

"तुमच्या मुलीची शाळा माझ्यामुळे बंद पडली, बाई."

पंचफुलाला आधी कळेना. आपली थट्टा होत नाही ना, म्हणून तिने भंतेंकडे पाहिलं. खरं आहे, अशी त्यांनी मान हलवली. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"सांगू का तिले?" तिने विचारलं.

"सांगा."

चार खुणांमध्ये एवढं सांगणं तिला जड गेलं. तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. विशाखाने शेवटी शैलेंद्रकडे नीट पाहिलं. रागाने नाही. नव्या माणसाकडे पाहावं तसं. मग तिची बोटं हलली.

"ती विचारते," पंचफुला म्हणाली, "मंग आता सुरू करता का?"

कुठलंही आश्वासन द्यायला शैलेंद्र आजवर कधी चाचरला नव्हता. आता तो मान खाली घालून बसून राहिला. विशाखा उत्तराची वाट पाहत होती. मग तिने वाट पाहणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी तो सभागृहात कागदाशिवाय उभा राहिला. आवाज चढला नाही. गेल्या वेळी हेच विधेयक आपण जाणूनबुजून अडवलं, आपल्याला सगळं माहीत होतं, त्यात माणसांचं नुकसान झालं, असं त्याने सांगितलं. एका शाळेचं नाव घेतलं. विरोधी बाकांवर हशा पिकला. त्याच्याच पक्षाचे लोक उठून त्याला खाली बसायला सांगू लागले. मुख्यमंत्री समोरचे कागद चाळत राहिले. मंदाताई गोतमारे तेवढ्या हसल्या नाहीत. त्या बराच वेळ त्याच्याकडे पाहत होत्या.

विधेयक आणखी काही दिवस अडलं आणि मग मंजूर झालं. कुणी म्हणालं, त्या भाषणामुळे झालं. कुणी म्हणालं, होणारच होतं. शैलेंद्रचं खातं काढून घेण्यात आलं. पुढे पक्षाने त्याला सभांना बोलावणंही बंद केलं.

शाळा सुरू झाली नाही. तो खेटे घालत राहिला. ज्या कार्यालयांत लोक त्याला पाहून उठून उभे राहत, तिथे आता बाकावर थांबायला सांगत.

उन्हाळा लागल्यावर तो विहारात आला. या वेळी एसटीने. फाट्यापासून चालत आल्यामुळे पायांवर धूळ होती. भंते अंगण झाडत होते. त्याने त्यांच्या हातातून झाडू घेतला आणि उरलेलं अंगण झाडलं. मग दोघं ओट्यावर बसले.

"भंते, खरं बोललो की मोकळं वाटेल, असं वाटलं होतं."

"वाटलं नाही?"

"नाही. ती मुलगी विचारते, सुरू करता का... आणि मी गप्प. जेवायला बसलो की आठवतं. कुणी नमस्कार केला की आठवतं. लाज काही जात नाही."

भंते त्याच्याकडे वळले.

"घालवायची आहे?"

"झोपू देत नाही, भंते."

भंतेंनी शैलेंद्रच्या पाठीवर हात ठेवला.

"राहू दे तिला," ते म्हणाले. "घरात एक तरी माणूस जागं असावं."