अकरावा दगड

एका राज्यात उग्रभानू नावाचा राजा होता. पलीकडच्या राजाशी त्याचे बारा वर्षे युद्ध चालले आणि दोघे दमल्यावर थांबले. मग दोन्ही राजे शामियान्यात बसले, पोटभर जेवले, विडे खाल्ले आणि म्हणाले, आता हद्द आखू. ज्यांच्या अंगणातून हद्द जायची ती माणसे दोन कोसांवर राहत होती. त्यांतल्या एकालाही कोणी बोलावले नाही. बोलावले ते काजळनाथ मांत्रिकाला.

काजळनाथाने हरणाच्या कातड्यावरचा नकाशा पसरला. काजळात भिजवलेले सूत ताणून धरले आणि सुतार मारतो तसे नकाशावर मारले. काळी रेघ उठली. तशीच ती जमिनीवरही उठली आणि शेते, गोठे, पायवाटा कापत गेली. नेमके तेव्हाच उग्रभानूचे बोट नकाशावर टेकलेले होते. सूत त्या बोटाला वळसा घालून गेले. राजाने बोटाचे काजळ पुसले आणि सुपारी तोंडात टाकली. त्या एवढ्याशा वळशाने साळवण गावची विहीर परराज्यात गेली.

रेघ ओलांडील तो दगड होईल, असा मंत्र होता. गावाला हे कोणी सांगावे? रेघ उठली तेव्हा सोळा माणसे विहिरीवर होती. भरल्या घागरी घेऊन ती घराकडे निघाली आणि रेघेवर पाय पडताच दगड झाली. दरबारात बातमी पोचली, तेव्हा राजा म्हणाला, "हद्दीला दगड लागणारच होते. आयते मिळाले." याला राजा म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी कारकून चुन्याची बादली घेऊन आला आणि दगडांच्या पाठीवर आकडे घालत सुटला. अकराव्या दगडाला धरून भिवरा उभी होती. तो तिचा घरधनी.

"याचे नाव काय?" कारकुनाने विचारले.

भिवराने मान खाली घातली. त्या मुलखात बायका नवऱ्याचे नाव घेत नसत. सात वर्षांच्या संसारात तिनेही कधी घेतले नव्हते. कारकुनाला घाई होती. "बरे, अकरा," असे म्हणून त्याने पाठीवर आकडा ओढला आणि तो बाराव्याकडे गेला. भिवराच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. राग कारकुनाचा आला, राजाचा आला आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या जिभेचा आला.

ती तडक दरबारात गेली.

"महाराज, माझा माणूस दगड झालाय. मंत्र उठवा."

"कितवा?" राजाने विचारले.

"माणूस आहे तो."

"हद्द आखली गेली. ती हलायची नाही."

भिवरा मुजरा न करता परतली.

रेघेच्या अलीकडे एक टिटवी ओरडत होती. "दोन अंडी या राज्यात, दोन त्या राज्यात. मी काय दोन टिटव्या होऊ?" भिवराला पाहून ती म्हणाली, "शामियान्याबाहेर किडे टिपत होते, सगळे पाहिले मी. राजाचे बोट मध्ये आले. बाई, पूर्वी दोन्हीकडची माणसे डोक्यावर ओल्या मातीचे ढेकूळ घेऊन अनवाणी चालत आणि शीव ठरवीत. दगडाखाली कोळसा पुरत, कारण तो कुजत नाही. तो कोळसा आण. मांत्रिकाचे सूत आण. आणि ज्याचे बोट मध्ये आले त्याला चालायला आण. त्याने प्रत्येकाला नावाने हाक मारली की मंत्र उठेल."

भिवरा आधी जुन्या चिंचेखाली गेली. तिथल्या शिवेच्या जुन्या दगडाखाली कोळशावर नाग बसला होता.

"सोने इथे नाही," नाग म्हणाला.

"नागोबा, मला कोळसाच हवा."

"शंभर वर्षांत कोणी विचारला नव्हता." नाग बाजूला झाला. कोळसा तिच्या मुठीत गरम लागला.

मग ती काजळनाथाच्या गुहेत गेली.

"मी फक्त सूत मारले," मांत्रिक म्हणाला. "बाकीचे राजाला विचार."

"सूत वाकडे मारलेत."

"माझे सूत वाकत नाही."

"चला, दाखवते."

रेघेपाशी येऊन त्याने विहिरीजवळचा तिचा फुगवटा पाहिला. सोळा माणसे दगड होऊन समोर उभी होती, त्यांचे त्याला काही वाटले नाही. रेघ वाकडी दिसली तेव्हा मात्र त्याचा चेहरा पडला. असतात अशी माणसे. "ज्याने वाकवले त्याला हे ओढून आणील," असे म्हणून त्याने सूत तिच्या हाती दिले.

भिवराने दरबारात सूत सोडले. ते सरपटत गेले आणि उग्रभानूच्या बोटाला गुंडाळले. शिपायांनी तलवारी चालवल्या, पण सूत तुटले नाही. राजा सिंहासनावरून ओढला गेला, जोडे वाटेत गळाले आणि तो अनवाणी साळवणच्या शिवारात येऊन उभा राहिला. भिवराने त्याच्या डोक्यावर ओले ढेकूळ ठेवले.

"एक, ऊठ," राजा पहिल्या दगडाला म्हणाला. दगड हलला नाही.

"नावाने," भिवरा म्हणाली.

गावकरी नाव सांगत गेले आणि राजा हाक मारीत गेला. कोंडाजी उठला, साळूबाई उठली, दहाजण उठले. राजाच्या कपाळावरून चिखल ओघळत होता, पायांत काटे मोडले होते. असा तो अकराव्या दगडापाशी आला.

"याचे नाव काय?"

गावकरी सांगायला पुढे झाले. भिवराने त्यांना हातानेच थांबवले.

"रायाजी," ती म्हणाली, सगळ्या गावाला ऐकू जाईल असे.

"रायाजी, उठा," राजा म्हणाला.

रायाजी उठला. घागर खांद्यावर तशीच भरलेली होती. तो बायकोकडे बघतच राहिला.

"तू माझं नाव घेतलंस?"

"घेतलं. आणि यापुढेही घेईन."

सोळावा उठला आणि रेघ विरून गेली. पलीकडच्या गावची माणसेही ढेकळे घेऊन आली. जमिनीत पुरलेल्या जुन्या कोळशापाशी भिवराच्या मुठीतला कोळसा जिथे जिथे गरम झाला, तिथून सगळे मिळून चालले. जुनी शीव सापडली, विहीर गावात परतली. प्रत्येक नव्या दगडाखाली कोळसा पुरला. टिटवीची चारही अंडी एकाच शिवारात आली.

सूत आपोआप सुटले. राजाने बोट चोळले आणि जोडे शोधायला निघाला.

"महाराज, थांबा," भिवरा म्हणाली. "पाठी राहिल्या."

सोळा पाठींवर चुन्याचे आकडे तसेच होते. तिने विहिरीचे पाणी शेंदले आणि काथ्याची घासणी राजाच्या हातात दिली. चुना पक्का बसला होता. सोळा पाठी स्वच्छ व्हायला राजाला दिवस मावळेपर्यंत वेळ लागला, आणि भिवरा तोवर तिथून हलली नाही.